पुंजा, तुझा नंबर मागायला गेलो होतो

पुंजा,

तू गेलास त्याच दिवशी तुझ्या नंबरावर मी भाडं उचललं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही लिहिता येणार नाही.

सकाळी सातपूरच्या ऑफिसात मॅनेजरसाहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "सुकदेव, तुमचा पुंजाराम गेला हो. घरीच. छातीत कळ आली म्हणे." खुर्ची मागेच होती, पण मला ती सापडेना. साहेबांनी हाताला धरून बसवलं, पाणी दिलं. फोन तुझ्या शेजारच्या दुकानदाराचा होता. तुझी लेक धुळ्याहून यायची होती, म्हणून संध्याकाळी नेणार होते. हे सगळं ऐकतो आहे तोच फोन पुन्हा वाजला. मालेगावच्या एका सूतगिरणीत मशीन बंद पडलं होतं आणि सातपुरातल्या वर्कशॉपमधून एक शाफ्ट तिथं ताबडतोब पोचवायचा होता. साहेब माझ्याकडे बघत राहिले. रांगेत पहिला नंबर तुझा होता आणि दुसरा माझा.

मी हिशेब केला, पुंजा. पाण्याचा पेला अजून हातात होता आणि माझं डोकं हिशेब करत होतं, की आत्ता निघालो तर मालेगाव करून संध्याकाळपर्यंत परत येता येईल. "जातो," म्हणालो. साहेबांना बरं वाटलं. मला काय वाटलं ते मला त्या वेळी कळलंच नाही.

तुझी गाडी रांगेत सगळ्यांत पुढे उभी होती. आदल्या दिवशी लावून तू घरी गेला होतास, जेवून, आंघोळ करून सकाळी येणार होतास. मला निघायला वाट नव्हती. मी गाडी मागे घेतली, पुढे घेतली, डावं चाक गटाराच्या कडेवरून नेलं तेव्हा कुठे सुटलो. तुझ्या केबिनच्या खिडकीला माझी खिडकी लागली, तेव्हा मी मुद्दाम समोर बघत राहिलो. त्या खिडकीतून तू इतकी वर्षं मला हाका मारल्यास. "सुक्या, तंबाखू दे." "सुक्या, तोंड धुतलंस का आज?" तिकडे बघायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी मी वेळेवर पोचलो. गाडी लांब लावली, चालत आलो. कपाळावर धूळ, शर्टाला शाफ्टचं ग्रीस. मला पुढचा खांदा दिला. वाटेत कुणीतरी मागून म्हणालं, "दोस्त असावा तर असा, कुठून कुठून धावत आला बघा." मी खाली मान घालून चालत राहिलो. लोकांना वाटलं, दुःखानं वाकलाय.

आता तुला माहीत असलेलंच सांगतो, कारण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना आपली रीत ठाऊक असेलच असं नाही. नाशकात द्वारका नाक्यावरच्या जुन्या ट्रान्सपोर्टला आपण होतो तेव्हा गाड्या नंबरानं लागत. जो आधी येईल तो पुढे, माल आला की पुढच्याची गाडी भरायची. कुणी मध्ये घुसला तर मारामारी व्हायची. पण एखादा गाडीवाला मेला तर त्याचा नंबर कुणी आपला म्हणून घेत नसे. चारपाच जणांनी त्याच्या घरी जायचं, दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "नंबर घेऊ का?" घरातल्यांनी म्हणायचं, "घ्या." मग त्याची गाडी रांगेतून निघायची आणि रांग पुढे सरकायची. ही रीत कुणी लावली कुणास ठाऊक. आपण सगळे अर्धवट शिकलेले, फाटक्या तोंडाचे, घाटात एकमेकांना शिव्या घालणारे लोक. पण ही एक गोष्ट आपण नीट करतो असं मला वाटायचं. मला तिचा अभिमान होता. तुला तो अभिमान बघून हसू यायचं.

द्वारका सोडायला तू तयार झालास आणि मी नाही, हेही सांगायला पाहिजे. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. सातपूरला कारखाने वाढत होते आणि त्यांच्यासाठी ही नवी कंपनी आली. तिचं कामच वेगळं. गाडी आपली, मालकी आपली, पण बोलावणं फोनवर. माल किती, तर कधी एक पेटी, कधी एक गिअर, कधी नुसत्या चार बेअरिंगा. गाडी भरेपर्यंत थांबायचं नाही, वाटेत दुसरा माल घ्यायचा नाही, सवारी बसवायची नाही. उचलायचं आणि सुटायचं. दारावरचं "खंडेरायाची कृपा" पुसून पांढरा रंग मारायला सांगितला, तेव्हा मी साहेबांशी भांडलो. तू भांडला नाहीस. दुसऱ्या दिवशी दार पांढरं करून आलास आणि मला म्हणालास, "खंडेराव काय दारावरची पाटी वाचून गाडी वळखतो व्हय?"

मला मात्र ती रिकामी गाडी सहन होत नव्हती. सगळा जन्म आपण हौदा भरून पळवला. रिकामा हौदा घेऊन जाणारा म्हणजे ज्याला कुणी भाडं दिलं नाही तो. नाक्यावर ओळखीचे भेटायचे, मागे वाकून बघायचे आणि विचारायचे, "काय रं सुकदेव, आज भाडं नाय मिळालं?" आता त्यांना काय सांगणार, की एवढ्या मोठ्या ट्रकात एका गिअरची लाकडी पेटी आहे आणि तिच्यासाठी मी इंदूरला चाललोय? तुझ्याजवळ कुरकुरलो तर तू म्हणालास, "रिकामी कुठं हाय? घाई भरलीया तिच्यात, घाई. कांद्यापेक्षा जड असती ती."

आणि मी काय केलं? इंदूरच्या त्याच फेरीला चांदवडला थांबलो आणि कांद्याच्या गोण्या भरल्या. ओळखीचा अडत्या होता, इंदूरला माल पाठवायचाच होता त्याला. पेटी मधोमध, चहूबाजूंनी कांदा. गाडी दबली, स्प्रिंगा बसल्या, घाटात गाडी नीट चालली, मला कसं बरं वाटलं! इंदूरला कारखान्याच्या दारात पेटी उतरवली तर तिच्यावर कांद्याची टरफलं. इंजिनिअरनं पेटी उघडली, नाक धरलं आणि नाशिकला ट्रंक कॉल लावला.

परत आलो तेव्हा साहेब लालबुंद. माझी गाडी कंपनीतून काढणारच होते. तू मध्ये पडलास. किती गंभीर तोंड करून बोललास! "साहेब, एकटी पेटी हौद्यात हितून तिथं घसरती. मशीनचा माल, फुटला मंजी? त्यानं गोण्यांनी टेकू दिला." साहेबांनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पटलं नसावं, पण पटल्यासारखं केलं त्यांनी. बाहेर आल्यावर तू मला शर्टाला धरून गाडीच्या मागे नेलंस आणि पेटी केबिनच्या पाठीला दोर लावून कशी बांधायची ते दाखवलंस. मग पुढचं वर्षभर "कांदा गिअर" म्हणून मला हाक मारलीस. आख्ख्या रांगेनं मारली. माझी बायकोसुद्धा एकदा म्हणाली. मी चिडायचो, पण खरं सांगतो, ती हाक नसती तर मी त्या नव्या ठिकाणी टिकलो नसतो. ज्याची चेष्टा होते तो त्यांच्यातलाच असतो.

तू टेकूची थाप मारून माझी जागा राखलीस, आणि मी तुझं काय राखलं?

बन्सीचं झालं त्याला दोन वर्षं झाली असतील. आपल्याबरोबर द्वारक्यावरून आलेला तिसरा. बरेच दिवस अंथरुणाला खिळला होता, एका सकाळी गेला. त्याची गाडी त्याचा चुलतभाऊ आणून रांगेत लावत होता, त्या दिवशी नंबर पहिला होता. मुंबईचा फोन आला आणि तू तुझी गाडी काढलीस. कुणाला न विचारता. रात्री परत आलास तेव्हा मी चहाच्या टपरीवर तुझी वाटच बघत होतो. रांगेतले सगळे होते. काय बोललो ते तू विसरला नसशील. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस व्हय रं? लाज नाय वाटत?" तू हातातला चहा पिऊन संपवलास, कप ठेवलास, म्हणालास, "माल थांबत नाय, सुक्या," आणि निघून गेलास. मी तुझ्या मागून अजून दोन शब्द फेकले. ते इथं लिहीत नाही.

मग मी पुढारी झालो. चार जणांना घेऊन बन्सीच्या घरी गेलो. दारात टोप्या काढून उभे राहिलो. त्याच्या बायकोला विचारलं, "नंबर घेऊ का?" ती दारातल्या आम्हा पाच जणांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "घ्या." परत येताना मला वाटत होतं की पुंजानं जे मोडलं ते मी सांधून आलो. त्यानंतर तुझ्याशी मी बोललो, तंबाखू दिली, घाटात तुझं टायर फुटलं तेव्हा थांबलो. पण तो विषय तसाच राहिला. तू काढला नाहीस. मीही नाही, कारण मी जिंकलोय असं मला वाटत होतं. तू का गेला होतास त्या दिवशी मुंबईला, हे एकदा तरी नीट विचारायला हवं होतं.

आणि तुझ्या वेळी मी काय केलं ते वर लिहिलंच आहे. बन्सीसाठी तुला टपरीवर सोलून काढणारा मी, तुझ्यासाठी चार तासही थांबलो नाही. पुंजा, लाज ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. रिकाम्या गाडीची वाटली होती, कांद्याची वाटली होती. पण ती चारचौघांनी बघितल्याची लाज. ही कुणीच बघितलेली नाही, आणि तरी सकाळी दाढी करताना आरशात बघवत नाही.

तू गेल्यावर तुझी गाडी तशीच पुढे उभी राहिली. बाकीचे वळसा घालून जात होते. शेवटी साहेब म्हणाले, "सुकदेव, ती गाडी बाजूला घ्यायला हवी. अडते. आता कोण चालवणार तिला? घरून चावी घेऊन या." म्हणजे रीतही पुरी होणार होती आणि चावीही मिळणार होती. दहावं झाल्यावर मी दुपारचा मखमलाबादला तुझ्या घरी गेलो. एकटाच गेलो. चौघांना घेऊन जायचं तोंड नव्हतं.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुझी लेक आत होती, तिनं पाणी आणलं. मी इकडचं तिकडचं बोललो, मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वहिनी, आपली रीत तुम्हाला माहीत आहे. पुंजाचा नंबर घेऊ का?"

"नाय," वहिनी म्हणाल्या.

"घ्या" म्हटल्यावर काय बोलायचं ते मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. ते सगळं वाया गेलं.

"नाय मंजी?"

"नाय मंजी नाय, भावजी. नंबर आमचा हाय. गाडी हाय. माझा भाऊ लक्ष्मण, त्याच्याकडं ट्रकचं लायसन हाय, सिन्नरला दुसऱ्याच्या गाडीवर राबतो. त्याला बोलवलाय म्या. परवा येतोय. मंग नंबर तुमाला कशापायी देऊ?"

आणि मी, पुंजा, मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "आजवर कुणी नाही म्हटलं नाही, वहिनी."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"म्हनू दिलं का तुमी? बन्सीच्या बायकुला नाय म्हनायचं व्हतं. तिचा चुलतदीर गाडी चालवीतच व्हता की. तुमी पाच गडी दारात टोप्या काढून हुबे, देव आल्यावानी. तुमी सगळ्यांच्या फुडं. एवढी मोठी मानसं आली, मंग कसं म्हनल ती नाय? नळावर माझ्यापाशी रडली."

"पुंजाला माहीत होतं हे?"

"व्हतं की."

"मग मला बोलला का नाही?"

"तुमी बोलू देता व्हय कुनाला?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. भाकरी थापताना बोलावं तसं बोलत होत्या. ज्या रीतीचा मी इतकी वर्षं तोरा मिरवला, तिच्यात घरच्यांनी नाही म्हणायची सोयच आम्ही ठेवली नव्हती. विचारायला जायचो ते रांग पुढे सरकावी म्हणून. तू बन्सीची नुसती एक फेरी नेलीस, त्याचा नंबर मी घालवला. बन्सीची गाडी पुढे विकली गेली. तो चुलतभाऊ आता पेठच्या बाजूला कुणाचा तरी ट्रॅक्टर चालवतो. हे सगळं मला माहीत होतं. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे, एवढंच माहीत नव्हतं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "वहिनी, अजून एक आहे. पुंजा गेला त्या दिवशी मी..."

"मालेगावला जाऊन आलात. ठाव हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुनी नाय. खांदा द्यायला माझ्या अंगावरनं गेलात तवा तुमच्या शर्टाला डिझेलचा न् ग्रीसचा वास येत व्हता." मग म्हणाल्या, "मला वाटलं, ह्येच आले गाडी लावून. येवढा येळ पदर तोंडावर घेऊन बसले व्हते, तो काढून बघितलं म्या."

तुझ्या लेकीनं चहा आणला, तो मी प्यालो. न पिऊन काय करणार होतो? दारात चपला घालताना वहिनी म्हणाल्या, "लक्षुमनाला रस्ता ठाव नाय. सांगाल ना?" मी मान डोलावली. मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

ऑफिसात येऊन साहेबांना सांगितलं, चावी मिळणार नाही, गाडी हलणार नाही, परवा ड्रायव्हर येतोय. साहेब म्हणाले, नवा माणूस आहे तर मागून सुरुवात करू दे, कंपनीला रडारड चालत नाही. मी म्हणालो, माणूस नवा आहे, गाडी जुनी आहे, आणि कंपनीकडे नंबर गाडीचा असतो. ते ऐकेनात. मग मी म्हणालो, ती गाडी मागे गेली तर तिच्याही मागे मी जाऊन उभा राहीन आणि माझ्या नंबराला आलेला एकही फोन घेणार नाही. असलं बोलायची मला सवय आहे, तू जाणतोस. फक्त या खेपेला कुणाचा तरी उपयोग झाला. साहेबांनी हात झटकले आणि म्हणाले, "करा काय करायचं ते."

आज लक्ष्मण आला. तुझ्या मानानं फारच गप्प माणूस आहे, पण हात चांगला आहे. तुझी गाडी सुरू करताना दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा लागली. रांगेतले जमा झाले. त्यात दोन नवे होते, तुला नीट न ओळखणारे. एकजण तावातावानं म्हणाला, "आजच आला आन् पयला नंबर? असं कसं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढारी ना.

"हा नंबर पुंजाचा आहे," मी म्हणालो.

"पुंजाभाऊ तर गेले. नंबर मागायला कोणी घरी गेलं व्हतं का न्हाय?"

"मी गेलो होतो."

"मंग?"

सांगताना आवाज चढवावा असं मनात होतं. तो चढला नाही. खालीच बघून बोललो.

"नाही म्हणाल्या."

असं उत्तर रांगेत कुणीच कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात आतून साहेबांनी हाक मारली, मालेगावचा फोन होता. लक्ष्मण पेटी घेऊन आला, मी त्याला चांदवडचा रस्ता सांगितला, घाटात कुठे जपायचं ते सांगितलं. तुझी गाडी निघाली. फेरीला गेलेली गाडी परतली की शेवटी लागते, म्हणून तिच्या जागेवर माझी गाडी सरकवायला सगळे मला खुणावत होते, माझ्या पुढे आख्खी एक गाडी मावेल एवढी जागा होती.

मी सरकलो नाही, पुंजा. संध्याकाळी तो परत येईल.